नागलीचा नफा आणि गल्ल्यातले पैसे

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत हिशेबाची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्यांतल्या बहुतेकांनी वाणिज्य शाखेचे शिक्षण घेतलेले नसते. शेतकरी उत्पादक कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी बहुधा कृषी पदवीधर असतो. ग्रामसंघाची अध्यक्ष स्वतःच्या शेतात राबणारी बाई असते. मोगऱ्याची फुले गोळा करून दादरच्या बाजारात पाठवणाऱ्या गटाचा प्रमुख शेतकरीच असतो. या माणसांना पीक कळते, गाव कळते, कोणाचा शब्द किती पक्का आहे हेही कळते. अडचण येते ती लेखापरीक्षकाने तयार केलेला ताळेबंद समोर आला की. सही करायची असते, पण कागद काय सांगतो आहे ते उलगडत नाही.

व्यवस्थापकाला लेखापाल व्हावे लागत नाही. कीर्द लिहिणे, खतावणी करणे, तेरीज जुळवणे ही लेखापालाची कामे आहेत. व्यवस्थापकाला तीन कागद वाचता आले पाहिजेत: नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह पत्रक. पहिला कागद ठरावीक काळात संस्थेने कमावले की गमावले ते सांगतो. दुसरा एका ठरावीक दिवशी संस्थेकडे काय आहे आणि तिला कोणाचे किती द्यायचे आहे ते मांडतो. तिसरा पैसा प्रत्यक्ष कुठून आला आणि कुठे गेला ते दाखवतो. तिन्ही कागद एकाच व्यवहारांतून निघतात आणि तरी तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. त्या वेगळ्या का असतात हे ज्याला समजले, त्याला संस्था चालवण्यापुरते वित्तशास्त्र समजले असे म्हणायला हरकत नाही.

बचत गटाच्या वहीपासून

या भागातल्या हजारो बायकांना हिशेबाची पहिली ओळख बचत गटातून झाली. नाबार्डने 1992 साली बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. 2011 पासून ‘उमेद’ अभियानाने महाराष्ट्रात त्याला व्यापक रूप दिले. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि चोख लेखे ही गटाची पंचसूत्री. तिचे शेवटचे सूत्र हिशेबाचे आहे, आणि आधीची चारही सूत्रे पाळली जातात की नाही हे त्याच्यावरूनच कळते. बैठकीचे इतिवृत्त, रोखवही, खातेवही, कर्जाची नोंदवही आणि प्रत्येक सदस्याचे पासबुक एवढ्या वह्यांवर गटाचा कारभार चालतो.

या वह्यांत हिशेबशास्त्राची एक पायाभूत गोष्ट दडलेली आहे. सदस्यांनी जमा केलेली बचत गटाच्या पेटीत किंवा बँक खात्यात असते, म्हणून ती गटाची कमाई वाटते. प्रत्यक्षात ती गटाने सदस्यांना देणे असलेली रक्कम आहे. एखादी बाई गट सोडते तेव्हा ती परत द्यावी लागते. म्हणून ताळेबंदात बचत देण्याच्या बाजूला बसते आणि तिच्यातून दिलेली कर्जे मालमत्तेच्या, म्हणजे येण्याच्या बाजूला. गटाची स्वतःची कमाई म्हणजे कर्जांवरचे व्याज आणि दंड, त्यातून खर्च वजा जाता उरलेले. हा फरक ज्या बाईने गटात पक्का केला, तिला पुढे कंपनीचा ताळेबंद परका वाटत नाही.

व्याजाची मोजणीही इथेच शिकायची असते. अंतर्गत कर्जाचा दर दरमहा 2 टक्के असेल आणि 10,000 रुपयांचे कर्ज दहा समान हप्त्यांत फेडायचे असेल, तर व्याज दोन प्रकारे लावता येते. मूळ रकमेवर दरमहा 200 रुपये धरले तर दहा महिन्यांचे व्याज 2,000 रुपये होते. शिल्लक मुद्दलावर धरले तर पहिल्या महिन्यात 200, दुसऱ्यात 180, असे उतरत जाऊन शेवटच्या महिन्यात 20, आणि एकूण 1,100. दर तोच सांगितला जातो, पण कर्जदाराच्या खिशातून जाणारी रक्कम जवळजवळ दुप्पट होते. कर्ज बँकेचे असो, फायनान्स कंपनीचे असो की सावकाराचे, सही करण्याआधी ‘व्याज मूळ रकमेवर की शिल्लक रकमेवर?’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

रोखवहीच्या पुढे

रोखवही पैसा आला आणि गेला एवढेच टिपते. छोट्या गटाला ते पुरते. पण माल विकत घेऊन, त्याचे पीठ करून, उधारीवर विकणाऱ्या संस्थेला ते अपुरे पडते. डिसेंबरात विकलेल्या मालाचे पैसे मार्चमध्ये आले, तर विक्री कोणत्या महिन्याची? उत्तर डिसेंबर असे आहे. माल हातातून गेला आणि पैशाचा हक्क तयार झाला, तेव्हाच विक्री झाली. तसेच मार्चचे वीजबिल एप्रिलमध्ये भरले तरी खर्च मार्चचाच. कंपन्यांना या पद्धतीनेच हिशेब ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

त्यासाठी प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू लिहाव्या लागतात. नागली रोखीने घेतली तर साठा वाढला आणि रोकड घटली. उधार विकली तर येणे वाढले आणि साठा घटला. एक बाजू नावे, दुसरी जमा. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमध्ये रुळलेली ही पद्धत लुका पाचोली या संन्यासी गणितज्ञाने 1494 साली छापील ग्रंथात मांडली, आणि आजची संगणकातली हिशेबप्रणालीही तिच्यावरच चालते. तिचा मोठा गुण असा, की एक बाजू चुकली किंवा राहून गेली तर तेरीज, म्हणजे नावे आणि जमा यांच्या बेरजा, जुळत नाही आणि चूक आपोआप उघडी पडते.

एका कंपनीचे चार महिने

जव्हार-मोखाड्याची शेती मुख्यतः पावसावर होणारी. भात, नागली (बाकीच्या महाराष्ट्राची नाचणी), वरई, उडीद आणि खुरासणी ही खरिपाची पिके, आणि दिवाळीच्या सुमारास हंगाम संपतो. अशा ठिकाणी शेकडो शेतकऱ्यांची नागली घेऊन तिचे पीठ विकणारी उत्पादक कंपनी हा आता ओळखीचा उद्योग आहे. समजा, अशी एक कंपनी आहे. पुढचे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत आणि सोपेपणासाठी कर बाजूला ठेवले आहेत.

कंपनीचे 400 सभासद आहेत. प्रत्येकाने 1,000 रुपये भरले, म्हणजे भागभांडवल 4,00,000. बँकेने वार्षिक 12 टक्के दराने 6,00,000 रुपये कर्ज दिले. 1 डिसेंबरला कंपनीने 3,00,000 रुपयांची चक्की आणि पॅकिंगचे यंत्र घेतले. केंद्र सरकारने 2025-26 च्या खरिपासाठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला 4,886 रुपये ठरवला होता. कंपनीने थोडा चढा, 5,000 रुपये भाव देऊन 120 क्विंटल नागली घेतली आणि शेतकऱ्यांना 6,00,000 रुपये रोख मोजले.

डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत त्यातल्या 60 क्विंटलचे पीठ झाले. दळताना 5 टक्के घट गेली आणि 5,700 किलो पीठ हाती आले. ते नाशिक आणि ठाण्याच्या दुकानांना 90 रुपये किलोने गेले. विक्री 5,13,000 रुपये. विकलेल्या पिठासाठी लागलेल्या नागलीची किंमत 3,00,000. पॅकिंग आणि वाहतूक किलोमागे 12 रुपयांप्रमाणे 68,400. पगार 60,000, भाडे आणि वीज 20,000, चार महिन्यांचे व्याज 24,000. यंत्र दहा वर्षे चालेल असे धरून चार महिन्यांचा घसारा 10,000. सगळे वजा केल्यावर 30,600 रुपये नफा उरतो.

पहिल्याच हंगामात नफा झाला म्हणून संचालक मंडळ खूश होईल. पण दुकानदारांनी 5,13,000 रुपयांपैकी 1,13,000 रुपयेच दिले आहेत. 4,00,000 येणे आहेत. रोकड मोजली तर भांडवल आणि कर्जाचे 10,00,000 आले, यंत्र आणि नागलीचे 9,00,000 गेले, विक्रीचे 1,13,000 आले, आणि पॅकिंग, पगार, भाडे, व्याज यांचे 1,72,400 गेले. 31 मार्चला शिल्लक 40,600 रुपये.

आता ताळेबंद. मालमत्तेच्या बाजूला यंत्र 2,90,000, उरलेली 60 क्विंटल नागली 3,00,000, दुकानदारांकडून येणे 4,00,000 आणि रोकड 40,600. बेरीज 10,30,600. देण्याच्या बाजूला भागभांडवल 4,00,000, बँकेचे कर्ज 6,00,000 आणि नफा 30,600. बेरीज तीच. ही जुळणी योगायोगाची नाही. कंपनीकडचा प्रत्येक रुपया सभासदांचा तरी आहे किंवा देणेकऱ्याचा तरी, हेच ताळेबंद दोन बाजूंनी दाखवतो.

एप्रिलमध्ये काय होईल? पगार 15,000, भाडे-वीज 5,000, व्याज 6,000, पॅकिंग आणि वाहतूक सुमारे 17,000. म्हणजे फक्त चालू खर्च 43,000 च्या घरात, आणि हातात 40,600. महिनाअखेरीस बँकेचा 1,00,000 रुपयांचा हप्ता असेल, तर नफ्यात असलेली ही कंपनी एक लाखापेक्षा जास्त रकमेला अडेल. ग्रामीण संस्था तोट्याने बुडतात असा समज आहे. प्रत्यक्षात अनेक संस्था नफा दाखवत असतानाच रोकड संपून थांबतात.

खेळते भांडवल आणि स्थलांतराचे वेळापत्रक

माल घेण्यापासून त्याचे पैसे परत येईपर्यंत जी रक्कम अडकून पडते, ती खेळते भांडवल. वरच्या कंपनीत डिसेंबरात दिलेला रुपया मार्चमध्ये पिठातून बाहेर पडतो आणि जूनमध्ये खात्यात येतो. येणे बाकी 4,00,000 आणि चार महिन्यांची विक्री 5,13,000 यांचे प्रमाण काढले तर दुकानदार सरासरी 94 दिवसांनी पैसे देत आहेत असे दिसते. हा एक आकडा दर महिन्याला काढला पाहिजे. तो वाढत असेल तर विक्री कितीही छान असली तरी संकट जवळ येत आहे.

शहरातल्या कारखान्याला यावर एक उपाय असतो: त्यालाही कच्चा माल उधार मिळतो. दुकानदाराकडून पैसे यायला तीन महिने लागले तर पुरवठादारालाही तीन महिने थांबवता येते. जव्हार-मोखाड्यात हा उपाय चालत नाही आणि चालवूही नये. इथली वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबे हंगाम संपताच कामासाठी बाहेर पडतात. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्या आणि बांधकामे त्यांना मजुरी देतात, आणि भट्टीमालक हंगामाआधीच उचल देऊन माणसे बांधून घेतात. घरात धान्य आहे पण रोख नाही, आणि दारात उचल घेऊन मुकादम उभा आहे, अशा वेळी ‘नागली द्या, पैसे होळीला घ्या’ म्हणणारी कंपनी शेतकऱ्याच्या उपयोगाची नाही. तो व्यापाऱ्याला पडत्या भावात माल देऊन मोकळा होईल. काट्यावर माल चढताच पैसे देणे हीच या कंपनीची शेतकऱ्याला खरी सेवा आहे, आणि त्या सेवेची किंमत खेळत्या भांडवलाच्या रूपाने कंपनीला सोसावी लागते. म्हणून इथल्या व्यवस्थापकाने कर्ज मागताना बँकेला यंत्राची किंमत सांगून थांबू नये. खरेदी आणि वसुली यांच्यातले सहा महिने समजावून सांगावेत.

उलट दिशेने, दुकानदाराकडून पैसा लवकर आणणे हे व्यवस्थापकाच्या हातात असते. 4,00,000 रुपये तीन महिने अडकले तर 12 टक्क्यांनी त्यांचे व्याज 12,000 होते. माल घेतानाच पैसे देणाऱ्या दुकानदाराला 2 टक्के सूट दिली तर 8,000 रुपये जातात. सूट देणे स्वस्त पडते, आणि हप्त्याची चिंताही मिटते. बऱ्याच ठिकाणी सूट दिली की नफा कमी झाला असे वाटून ती नाकारली जाते. उधारीचे व्याज वेगळ्या ओळीत दिसते म्हणून दोन्हींची तुलनाच होत नाही.

सगळी उधारी वसूल होते असेही नाही. एका दुकानदाराने 1,00,000 रुपये बुडवले तर वरचा 30,600 चा नफा 69,400 च्या तोट्यात बदलतो. चार पोती जास्त खपली म्हणून जे दुकान निवडले, त्याने सगळ्या हंगामाची मेहनत घालवलेली असते. त्यामुळे जुन्या आणि शंकास्पद येण्यासाठी हिशेबात आधीच तरतूद करतात. ती केल्याने नफा कमी दिसतो, पण खरा दिसतो.

कोठारातला दाणा

31 मार्चला उरलेल्या 60 क्विंटल नागलीची किंमत 3,00,000 धरली आहे, कारण ती तेवढ्याला घेतली होती. नियम असा, की साठ्याची किंमत खरेदीची किंमत आणि विकून प्रत्यक्ष मिळू शकेल ती रक्कम, यांतली जी कमी ती धरायची. मार्चअखेरीस बाजार पडून नागलीतून क्विंटलला 4,500 च मिळण्याची चिन्हे असतील, तर साठा 2,70,000 चा होतो, आणि नफा 30,600 वरून 600 वर येतो. विक्री झालेली नाही, एक पैसाही हातून गेलेला नाही, तरी नफा गेला. भाव वाढला तर मात्र विक्री होईपर्यंत नफा वाढवता येत नाही. हिशेबशास्त्र तोट्याला लगेच मान्यता देते आणि नफ्याला उशिरा, आणि शेतमालाच्या धंद्यात हे शहाणपणाचेच आहे.

नागलीच्या बाबतीत साठ्याचा आणखी एक पैलू महत्त्वाचा आहे. कणगीतला नागलीचा दाणा वर्षानुवर्षे टिकतो. डोंगरातल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळासाठी तो राखून ठेवला. पीठ मात्र काही महिन्यांतच खवट होऊ लागते, आणि जव्हारच्या पावसाळी दमट हवेत त्याला जास्तच जपावे लागते. म्हणजे दळण कधी करायचे हा निर्णय वित्तीय आहे. चक्की रिकामी राहू नये म्हणून सगळी नागली जानेवारीतच दळून टाकली, तर टिकाऊ मालमत्ता नाशवंत होते. मागणी आली तेवढेच दळले, तर चक्की अधूनमधून थांबते, पण भांडवल सुरक्षित राहते.

खर्च आणि गुंतवणूक

पोती, दोरा, वाहतूक, पगार हे ज्या वर्षी झाले त्या वर्षाचे खर्च. चक्की दहा वर्षे उपयोगी पडणार, म्हणून तिची किंमत दहा वर्षांत वाटतात. वर्षाकाठी येणाऱ्या वाट्याला घसारा म्हणतात. घसाऱ्याचे पैसे कोणाला द्यावे लागत नाहीत, म्हणून तो कागदी खर्च वाटतो. पण दहाव्या वर्षी नवी चक्की घ्यायची असते, आणि दर वर्षी 30,000 रुपये बाजूला काढले नसतील तर तेव्हा पुन्हा अनुदानाची वाट पाहावी लागते. सरकारी किंवा देणगीतून आलेल्या यंत्रांबाबत ही चूक जास्त होते, कारण संस्थेने त्यासाठी पैसे मोजलेलेच नसतात.

दीर्घ गुंतवणुकीचे उदाहरण या भागात ‘वाडी’ने दिले आहे. मणिभाई देसाई यांनी 1967 साली उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने आदिवासी शेतकऱ्यांच्या साधारण एकरभर जमिनीत आंबा आणि काजू, बांधावर वनझाडे, असा कार्यक्रम जव्हार-मोखाड्यातही राबवला. काजूला उत्पन्न यायला तीन-चार वर्षे लागतात. तोपर्यंत खड्डे, रोपे, पाणी, कुंपण हे सगळे खर्चच. पाच वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाएवढा मोलाचा नसतो, म्हणून फक्त एकूण उत्पन्न किती याने वाडी मापता येत नाही. पैसा केव्हा परत येतो हेही पाहावे लागते. मधल्या वर्षांत झाडांच्या ओळींमध्ये आंतरपीक घेणे, किंवा दुसऱ्या वर्षापासून फुले देणारा मोगरा जोडीला लावणे, हा त्या उशिरावरचा वित्तीय तोडगा आहे.

भाव ठरवताना

व्यवस्थापकाला रोज उपयोगी पडणारा हिशेब किमतीचा. खर्च दोन प्रकारचे असतात. पीठ विकले तरच होणारे, म्हणजे नागली आणि पॅकिंग-वाहतूक. आणि पीठ विकले नाही तरी होणारे, म्हणजे पगार, भाडे, व्याज, घसारा. एक किलो पिठाला घट धरून 52.63 रुपयांची नागली लागते. त्यात 12 रुपये मिळवले की 64.63. किंमत 90 असेल तर किलोमागे 25.37 रुपये उरतात. स्थिर खर्च महिन्याला 28,500. भागाकार केला की कंपनीने महिन्याला किमान 1,123 किलो पीठ विकले पाहिजे असे येते. तो ना-नफा-ना-तोटा बिंदू. कंपनी सरासरी 1,425 किलो विकत होती, म्हणून नफ्यात राहिली.

आता नाशिकचा मोठा दुकानदार म्हणतो, पाच रुपये कमी करा. 90 चे 85, म्हणजे साडेपाच टक्क्यांची घट. पण किलोमागे उरणारी रक्कम 25.37 वरून 20.37 होते, आणि तो बिंदू 1,399 किलोवर जातो. विक्री जवळजवळ पंचवीस टक्के वाढली तरच कंपनी पूर्वीच्या जागी राहते. 80 ला उतरले तर 1,854 किलो. किमतीतली सूट विक्रेत्याला छोटी दिसते, कारण तो ती किमतीशी ताडतो. तिचा खरा ताण किलोमागे उरणाऱ्या रकमेवर पडतो. शेतकऱ्याला किलोमागे 2 रुपये जास्त द्यायचे ठरवले, तर हाच बिंदू 1,225 वर येतो. म्हणजे सभासदाला थोडा चढा भाव देणे परवडते, दुकानदाराला किलोमागे पाच रुपये सोडणे परवडत नाही. असा निष्कर्ष आकड्यांशिवाय कोणाला सुचला असता असे वाटत नाही.

दुसऱ्याचे पैसे

संस्थेच्या खात्यातला प्रत्येक रुपया संस्थेला वाटेल तसा वापरता येत नाही. 2020 साली सुरू झालेल्या केंद्राच्या दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांच्या योजनेत तीन वर्षांच्या व्यवस्थापन खर्चासाठी प्रत्येक संघटनेला कमाल 18 लाख रुपये मिळतात. त्यातून पगार भागतो तोवर नफा-तोटा पत्रक गुलाबी दिसते. पत्रकातून ते अनुदान वगळून पाहिले, तरच चौथ्या वर्षी कंपनी उभी राहील का ते कळते. वरच्या उदाहरणात पगार कंपनीच्या खर्चात धरला आहे तो त्यासाठीच.

दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. 1996 च्या पेसा कायद्यानुसार ग्रामसभांना अधिकार मिळाले, आणि 2015 पासून महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के निधी या क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. त्याला अबंध निधी म्हणतात, तरी कोणत्या बाबींवर तो खर्च करता येईल हे ठरलेले असते. अशा निधीचे खाते आणि वही वेगळी ठेवणे हा सगळ्यात साधा आणि उपयोगी नियम. एका निधीतून दुसऱ्याचे भागवले की वर्षाअखेरीस कोणाचे काय उरले हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यालाही सांगता येत नाही.

जीएसटीही दुसऱ्याचाच पैसा. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या धान्य-पिठावर 5 टक्के कर आहे. सुट्या मालावर नाही. मालाची वार्षिक उलाढाल 40 लाखांवर गेली की सर्वसाधारणपणे नोंदणी करावी लागते. नोंदणीनंतर गिऱ्हाईकाकडून घेतलेला कर विक्रीत धरायचा नसतो; तो सरकारचा असतो आणि काही दिवस फक्त खात्यात मुक्कामाला असतो. तो पगारासाठी वापरला की पुढच्या महिन्याचा भरणा अडतो.

रोकड सांभाळण्याचे नियम साधे आहेत. पावती, व्हाउचर आणि बँकेची स्लिप यांच्याशिवाय नोंद नाही. पैसे घेणारा आणि नोंद करणारा वेगळा. बँक खात्यावर दोन सह्या. महिन्यातून एकदा रोकड मोजून वहीशी आणि वही बँकेच्या विवरणाशी ताडून पाहायची. हे कोणावर अविश्वास म्हणून करायचे नसते. हिशेब लिहिणाऱ्या मुलीवर उद्या कोणी बोट ठेवले तर तिच्या बाजूने उभे राहणारा पुरावा म्हणूनही ते करायचे असते.

वर्षभराचा आराखडा आणि लेखापरीक्षण

आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते, पण जव्हार-मोखाड्याचे वर्ष जूनच्या पावसाने सुरू होते. अंदाजपत्रक करताना ही दोन वर्षे एकमेकांवर ठेवावी लागतात. नोव्हेंबर ते जानेवारी खरेदीचा पैसा लागतो. फेब्रुवारी ते जून विक्री आणि वसुली. जुलै ते सप्टेंबर विक्री मंदावते, पण पगार आणि व्याज चालू राहते. बारा महिन्यांचे बारा रकाने आखून प्रत्येकात आधीची शिल्लक, येणारे पैसे, जाणारे पैसे आणि अखेरची शिल्लक लिहिली, की कोणता महिना अडचणीचा आहे ते आधीच दिसते. बँकेशी बोलायची वेळ तेव्हाची असते. हप्ता चुकल्यानंतर केलेली विनंती बँकेला वेगळी ऐकू येते.

आदिवासी सहकारी संस्थांना हे वेळापत्रक परिचयाचे आहे. 1972 साली स्थापन झालेले आदिवासी विकास महामंडळ, ज्याचे एक प्रादेशिक कार्यालय जव्हारला आहे, अशा संस्थांमार्फत हमीभावाने भातासारखा शेतमाल खरेदी करते, आणि खरेदीचा पैसा, हाताळणी, घट, कमिशन यांचा मेळ घालणे हे त्या संस्थांच्या सचिवांचे दरवर्षीचे काम असते. सहकारी संस्थेला नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते.

उत्पादक कंपनीचे लेखापरीक्षण सनदी लेखापाल करतात. त्यांच्या अहवालातले परिच्छेद व्यवस्थापकाने सभेआधी वाचावेत: येणे बाकी किती जुनी आहे, साठा मोजला होता का, संबंधित व्यक्तींशी व्यवहार झाले का, ताळेबंदातली ‘इतर’ ही रक्कम कशाची. उत्तर मिळत नसेल तर सही थांबवण्याचा अधिकार संचालकांना आहे.

उत्पादक कंपनीत एका सभासदाला एकच मत असते, भाग कितीही असोत. नफ्यातून आधी सर्वसाधारण राखीव निधी ठेवावा लागतो. भागांवरचा लाभांश मर्यादित असतो, आणि उरलेल्यातून सभासदांना त्यांनी कंपनीशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात बोनस देता येतो. वरच्या कंपनीला 120 क्विंटल, म्हणजे 12,000 किलो नागली मिळाली होती. किलोमागे एक रुपया बोनस द्यायचा तर 12,000 रुपये लागतील. नफा 30,600 आहे, म्हणून ते कागदावर शक्य आहे. पण रोकड नसेल तर कायद्याने दिलेला दुसरा मार्ग खुला आहे: बोनस रोखीऐवजी भागांच्या रूपात देता येतो. त्याने शेतकऱ्याचा हिस्सा वाढतो, कंपनीचे भांडवल वाढते, आणि पुढच्या हंगामात नागलीचे पैसे काट्यावरच मोजायला रोकड शाबूत राहते. सभा सप्टेंबरमध्ये होते. तोवर जुना साठा विकला जाऊन उधारी बरीचशी वसूल झालेली असते आणि नवी नागली डोंगरउतारावर निसवत असते, म्हणून मार्चचा ताळेबंद सभेपुढे ठेवताना त्या दिवसाची रोकड आणि येणे बाकी स्वतंत्र कागदावर देणे इष्ट. बोनस रोख द्यायचा की भागांत, हे सभासद त्या दुसऱ्या कागदावरून ठरवतात.